स्वस्त शाईचा लेख

कागद मशीनच्या एका तोंडातून आत गेला तेव्हा भरलेला होता. दुसऱ्या तोंडातून बाहेर आला तेव्हा कोरा होता.

मी तो हातात घेतला. गरम होता, चकचकीत होता, कोपऱ्यात एक बुडबुडाही आला होता. अक्षर मात्र औषधाला नव्हतं. उलटून पाहिला, मागची बाजू कोरी असायची ती कोरीच होती. टेबलाखाली वाकून पाहिलं, मशीन उचलून पाहिलं. शेवटी भिकूकाकांच्या चपलांखाली पाहिलं, कारण हा माणूस नको तिथे पाय ठेवण्यात पटाईत होता.

"लेख खंय?" त्यांनी विचारलं.

"ह्योच लेख."

"ह्यो कोरो कागद आसा, सदू."

"मघाशी लिवलेलो होतो."

भिकूकाका खुर्चीत बसले. खुर्चीला चाकं होती. ती त्यांच्यासकट मागे गेली आणि कपाटाला टेकली. तिथूनच ते कागदाकडे बघत राहिले. बाहेर रवळनाथाच्या देवळात ढोल सुरू झाला होता. नारळी पुनव होती, आणि थोड्याच वेळात हाच लेख दांडेवाडीच्या जगूतांडेलाच्या हातात द्यायचा होता.

भिकूकाका म्हणजे भिकाजी तोरसकर, आमच्या खाडीवाडी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मी त्या सोसायटीचा लेखनिक. तांडेल म्हणजे होडी हाकणारा, आणि जगूतांडेल म्हणजे दांडेवाडीचा म्होरक्या. लेख म्हणजे आमच्या खाडीवाडीचा आणि पलीकडच्या दांडेवाडीचा समेट. तो लिहायला जितकी शाई लागली त्याहून जास्त रक्त आधी सांडलं होतं, म्हणून तो काय होता ते सांगणं भाग आहे.

दोन वाड्यांचं वैर एका दोरावरून सुरू झालं. खाडीच्या तोंडाशी वादळात दांडेवाडीची एक होडी उलटली. आमची एक होडी जवळ होती. आमचे खलाशी सांगत, आम्ही दोर टाकला, त्यांनी धरला नाही. दांडेवाडी सांगे, दोर टाकलाच नाही. बुडाला तो जगूतांडेलाचा धाकटा भाऊ, त्यामुळे त्याला कुणी विचारू शकत नव्हतं. मग आमचे जाळी ठेवायचे मांगर जळले. मग धक्क्यावर डोकी फुटली. शेवटी सरकारने धक्काच बंद केला: समेट करा, लेख आणून द्या, तरच हंगामाला धक्का उघडेल. धक्का नाही म्हणजे डिझेल नाही, बर्फ नाही, मासळीची गाडी नाही. दोन्ही वाड्यांच्या होड्या दोन हंगाम वाळूवर पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या खाली कुत्री व्यायला लागली होती.

मत्स्य खात्याच्या साहेबांनी खटपट केली. आदल्या दिवशी दुपारी दोन्हीकडचे पंच सोसायटीत बसले. साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. फक्त दोराचं नाव कुणी काढलं नाही. जगूतांडेलाने एकदा तोंड उघडलं होतं, पण भिकूकाका म्हणाले, दोर लिहायचा तर आम्ही टाकला होता असं लिहा. जगूतांडेल उठून चालायला लागला. साहेबांनी त्याला दारातून परत आणला आणि दोर लेखाच्या बाहेर राहिला.

आता आमच्याकडची रीत ऐका. समेट एकाच कागदावर लिहायचा आणि देवासमोर वाचायचा. वाचायचा तो उलटा. आपलं वचन आपण वाचायचं नाही. ते समोरच्याने वाचायचं, आपण हात जोडून ऐकायचं. म्हणजे पुढे कुणी 'माका ठाऊक नव्हता' म्हणायला नको. आणि देवाने ऐकल्याशिवाय त्या कागदाची नक्कल काढायची नाही. झेरॉक्स नाही, फोटो नाही. देवाच्या आधी मशीनने वाचला तर लेख उष्टा होतो, असं गुरवबुवा सांगत. देवाने ऐकला की मग नक्कल करायची, पुन्हा सह्या करायच्या आणि ती सरकारला द्यायची.

झेरॉक्सने लेख उष्टा होतो, पण लॅमिनेशनने होत नाही, हे भिकूकाकांचं स्वतःचं शास्त्र. त्याला कारणही होतं. आमच्या किनाऱ्यावरची हवा कागद खाते. लग्नपत्रिका लग्नापर्यंत टिकली तर मुलीचं नशीब चांगलं समजतात. म्हणून आम्ही सगळं प्लास्टिकमध्ये घालतो: रेशनकार्ड, देवाचे फोटो, शाळेतली बक्षिसं, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा. एवढा मोठा समेट उघडा कसा ठेवायचा? सकाळी भिकूकाका म्हणाले, घाल मशीनमध्ये. मी घातला.

"तू काय केलंस?" ते कपाटाजवळून म्हणाले.

"तुमी सांगल्यात ता केलंय."

"मी कोरो कर म्हणून सांगलंय?"

मी टेबलावरचं निळं पेन उचललं, एका पावतीच्या मागे माझं नाव लिहिलं आणि पावती मशीनमध्ये सरकवली. बाहेर आली. नाव गेलं होतं. भिकूकाकांनी खुर्ची पायाने ढकलत जवळ आणली आणि मी दुसऱ्यांदा लिहिलेलं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

पेन त्यांनी मागवलेलं होतं.

भिकूकाकांच्या पुतण्याने त्यांना मुंबईहून स्मार्टफोन आणून दिला, तेव्हापासून सोसायटीची सगळी खरेदी फोनवरून व्हायची. स्वस्तात वस्तू मिळवण्याचं त्यांना वेड होतं आणि फसण्याची विद्या त्यांना जन्मतः अवगत होती. ते दोनच गोष्टी पाहायचे: आडवी रेघ मारून खोडलेली किंमत आणि पिवळे तारे. खोडलेली किंमत जितकी मोठी तितकी सोसायटीची बचत. बारा फायलींचा संच मागवला, तर बारा कप्प्यांची एकच फाईल आली. भिंतीवरचं घड्याळ मागवलं, तर घड्याळाचं चित्र आलं, मागे डिंक लावलेलं. ते आम्ही चिकटवलं. त्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं व्हायची आणि सोसायटीच्या इतिहासात प्रथमच सभा वेळेवर सुरू झाल्या. कागदाला भोकं पाडायचं यंत्र आलं ते चांदणीच्या आकाराची भोकं पाडायचं. ऑडिटर कागद उजेडाकडे धरून बराच वेळ आभाळ बघत बसला होता.

पेनांवर ऐंशी टक्के सूट होती, तीही 'फक्त आज'. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं. ते घड्याळ रोज नव्याने पळतं हे मला ठाऊक होतं, कारण काका रोज मला दाखवायचे. एके दिवशी त्यांना धीर धरवला नाही. पेनं आली. लिहायला मात्र लोण्यासारखी. प्रत्येकाच्या बुडाला रबराचं एक बोंड होतं. ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. भिकूकाका त्याने कान खाजवायचे.

ढोलाबरोबर आता ताशाही वाजायला लागला. मी खिडकीतून पाहिलं. दांडेवाडीची माणसं वाळूवरून येत होती. पुढे बायका, मधे सोनेरी कागद लावलेला नारळ, मागे तरणी पोरं. पोरांचे हात मोकळे होते, पण चालणं मोकळ्या हाताचं नव्हतं. देवळाच्या वाटेवर फौजदार दोन शिपाई घेऊन उभा होता. आमची पोरं माडाखाली जमली होती, आणि नारळ फोडायला लागतात त्याहून जास्त कोयते तिथे होते.

मी म्हटलं, काका, खरं काय ते सांगून टाकूया. पुन्हा लिहू, पुन्हा सह्या घेऊ.

"काय सांगशील? पेनाची शाई उडान गेली?" ते म्हणाले. "माका जर जगूतांडेलान येवन असा सांगल्यान, तर मी पयली काठी काढीन. मगे ऐकून घेईन."

खरं होतं. दांडेवाडीने वर्षभर हेच ऐकवलं होतं, की खाडीवाडी सह्या घेईल आणि मजकूर बदलेल. आम्ही तर मजकूरच ठेवला नव्हता.

मग ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. हळू आवाजात म्हणाले, तुझं अक्षर तेच आहे, लेख तुला पाठ आहे, सह्याही येतील. मी म्हटलं, तुमच्या सगळ्यांच्या येतील. जगूतांडेलाची येणार नाही. तो सहीच्या शेवटी हात न उचलता नांगर काढायचा. तो नांगर उभ्या तालुक्यात दुसऱ्याला जमला नव्हता. मी नाही म्हणालो. देवाला भिऊन म्हणालो असं सांगता आलं असतं, पण मी जगूतांडेलाला भिऊन म्हणालो.

भिकूकाका उठले, फोन घेतला आणि मागच्या दारी गेले. आमच्या ऑफिसात नेटवर्क नव्हतं. ते पाण्याच्या टाकीवर मिळायचं, तेही पश्चिमेकडे तोंड केलं तर. पासष्टीचा माणूस, धोतर कमरेला खोचून लोखंडी शिडी चढला. मी शिडी धरली. वरून ते खरेदीच्या वेळी जे कधीच वाचत नसत ते मोठ्याने वाचायला लागले.

चित्राखाली बारीक अक्षरात 'अधिक वाचा' असं होतं. ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोट लावत होते. आत लिहिलं होतं: लिहा, चुकलात तर मागच्या रबराने घासा, घर्षणाच्या उष्णतेने शाई नाहीशी होते. विद्यार्थ्यांसाठी उत्तम. करारपत्रे व सह्यांसाठी वापरू नये.

"बगलंस?" ते वरून म्हणाले, जणू चूक माझी होती. "सांगलेला आसा तेंनी."

"खाली बगा," मी म्हणालो. "लोकांनी काय लिवल्यानी ता बगा. चांगला नको. वायट बगा."

ते एकेक वाचत खाली गेले. पाच ताऱ्यांवाले सगळे एकाच आईच्या पोटचे होते: 'फार छान पेन', 'पेन फार छान', 'छान पेन फार'. सगळ्यात तळाशी एकच तारा देऊन एका बाईंनी लिहिलं होतं, की मुलीची वही उन्हात गाडीत राहिली आणि वर्षाचा अभ्यास गेला. त्याखाली कुणीतरी त्यांना उत्तर दिलं होतं. भिकूकाकांनी ते दोनदा वाचलं. मग फोन दातांत धरून शिडी उतरले आणि खाली आल्यावर मला सांगितलं: वही बर्फाच्या कप्प्यात ठेवा. थंडीने अक्षर परत येतं.

बर्फ. मच्छीमार सोसायटीला बर्फाचा काय तोटा, असं तुम्हाला वाटेल. पण धक्का बंद होता म्हणून बर्फाचा कारखाना बंद होता, आणि वाडीतले फ्रीज म्हणाल तर त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. आमचं मशीन चाललं होतं ते सोसायटीच्या बॅटरीवर. आठवडाभर भरून ठेवलेली ती बॅटरी हा पराक्रम करून नुकतीच मेली होती.

मी देवळाकडे पाहिलं. जत्रेला चार दुकानं आली होती: खाज्याचं, बांगड्यांचं, खेळण्यांचं, आणि पिंपळाखाली लाल फडकं बांधलेला कुल्फीवाला.

आम्ही धावलो असं म्हणत नाही. दोन प्रतिष्ठित माणसं घाईने कुल्फी खायला निघाली. लेख मी सदऱ्याच्या आत पोटाशी धरला होता आणि तो अजून कोमट होता. कुल्फीवाला तालुक्याहून आलेला, दोन वाड्यांच्या भानगडी त्याला ठाऊक नव्हत्या. भिकूकाका त्याला म्हणाले, हा देवाचा कागद आहे, तुझ्या मडक्यात घालायचा आहे. तो म्हणाला, मडक्यात कुल्फी असते. काकांनी त्याची सगळी कुल्फी विकत घेतली. मग तो म्हणाला, घाला.

मडक्यात बर्फ होता आणि त्यात मूठमूठ खडं मीठ. त्या मिठाने बर्फ असा चावतो की हात घातला तर बोटं आपली वाटत नाहीत. मी लेखाची गुंडाळी करून आत खुपसली, वर बर्फ लोटला, वर कुल्फीवाल्याचं गोणपाट. काका आमच्या माडाखालच्या पोरांना हाका मारून कुल्फ्या वाटत राहिले, म्हणजे आम्ही तिथे का उभे आहोत हे कुणी विचारू नये. कुल्फी एका हातात आल्यावर कोयता दुसऱ्या हातात बरा दिसेना. एकेकाने तो खाली ठेवला. तेवढीच एक चांगली गोष्ट त्या सकाळी आमच्या हातून झाली, आणि तीही न ठरवता.

मी गोणपाटाखाली हात घालून कागदाचं टोक वर ओढलं. श्री रवळनाथ प्रसन्न, ही अक्षरं फिकट निळी दिसत होती. मी पुन्हा आत दाबला. थोड्या वेळाने पाहिलं तर खाली पहिली ओळ उमटत होती, दूर समुद्रात होडी दिसावी तशी: आहे म्हटलं तर आहे. सह्यांच्या जागी अजून नुसतं पाणी होतं.

तेवढ्यात ताशा थांबला. गुरवबुवांचा मुलगा आम्हाला बोलवायला आला. जगूतांडेल देवासमोर उभा राहिला आहे, लेख आणा म्हणतात.

"जराशान येतो," भिकूकाका म्हणाले.

त्याच्या मागोमाग फौजदार आला. त्याने कुल्फीच्या मडक्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, चेअरमनसाहेब, लेख आहे ना?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद उपसला, काकांच्या धोतराच्या सोग्याला पुसला आणि सरळ केला. मथळा आणि दीड ओळ. बाकी सगळं कोरं.

आम्ही देवळात शिरलो. डावीकडे दांडेवाडी, उजवीकडे आम्ही. मधे मोकळी फरशी. देवाच्या दोन्ही अंगांना समया. जगूतांडेल उजव्या समईपासून चार पावलांवर उभा, पांढरा सदरा, गळ्यात मफलर, साठी उलटलेली तरी डोलकाठीसारखा ताठ. त्याने भावाच्या दिवसांपासून दाढी काढली नव्हती. भिकूकाका त्याच्या डाव्या हाताला जाऊन हात जोडून उभे राहिले. मी जगूतांडेलाच्या हातात लेख ठेवला.

त्याने बोटांनी कागद चाचपला.

"गार कसो?" तो म्हणाला.

 मी म्हणालो, "प्लास्टिक गारच लागता."

त्याने कागद दोन्ही हातांनी छातीशी धरला, मान वर केली. मी खाली बघत होतो. आता तो ओरडेल, आता दांडेवाडीची पोरं पुढे येतील, मग बाहेर ठेवलेले कोयते आठवतील. मी मनात दारापर्यंतची वाट बघून ठेवली.

"श्री रवळनाथ प्रसन्न," जगूतांडेलाने सुरुवात केली. खणखणीत आवाज, वादळात तीन होड्यांपलीकडे जाणारा. "आमी खाडीवाडीवाले देवासमोर वचन देतो. धक्को दोनय वाड्यांचो. दांडेवाडीची होडी इली तर तिका जागा देऊ. डिझेल आनि बर्फ, आमका जो भाव तोच तेंका."

शब्द न् शब्द बरोबर होता. मी भिकूकाकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. दुसरं वचन संपलं. आमच्या बाजूची वचनं तिथे संपत होती. आता फक्त 'इति' म्हणायचं आणि कागद काकांना द्यायचा.

जगूतांडेल 'इति' म्हणाला नाही. त्याने श्वास घेतला.

"आनि आमी खाडीवाडीवाले वचन देतो," तो म्हणाला, "की वादळात दांडेवाडीची होडी दिसली, तर कोणाची ता न विचारता दोर टाकू."

हे लेखात नव्हतं. कालच्या बैठकीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. आमचे पंच एकमेकांकडे बघायला लागले. एकजण अर्धा उठला. दांडेवाडीचे पंचही चमकले. एका वाक्यात जगूतांडेलाने आम्हाला देवासमोर बोलायला लावलं होतं, की त्या दिवशी दोर पडला नव्हता.

भिकूकाकांनी डोळे उघडले. त्यांची मान लाल झाली होती. एवढंच म्हणायचं होतं: दाखव खंय लिवलेला आसा. पण ते म्हटलं की कागद सगळ्यांपुढे यायचा, आणि कागदावर मथळा आणि दीड ओळ होती. मला वाटलं, म्हाताऱ्याने कोरा कागद पाहिला आणि डाव साधला. इतका हुशार माणूस आपल्या वाडीत का जन्मला नाही, असंही वाटलं.

"इति," जगूतांडेल म्हणाला. "घे, भिकू."

आणि त्याने कागद पुढे केला. पण भिकूकाका त्याच्या डावीकडे होते. कागद त्याने उजवीकडे केला, समईच्या दिशेने, जिथे कुणीच नव्हतं.

हात तसाच राहिला. पुढे केलेला, वाट बघणारा. जगूतांडेलाची नजर समईच्या ज्योतीवर होती आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवर शिंपल्याच्या आतल्यासारखी पांढुरकी साय होती. मी त्या डोळ्यांकडे इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे सरळ बघायची छाती आमच्या वाडीत कुणाचीच नव्हती.

त्याला दिसत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे. ज्या तांडेलाला दिसत नाही त्याच्या होडीवर खलाशी पाय ठेवत नाहीत, म्हणून त्याने ते लपवलं होतं. होड्या वाळूवर पडून होत्या म्हणून आजवर निभावलं होतं. लेख त्याने काल बैठकीत ऐकूनच पाठ केला होता, म्हणजे कागद कोरा आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला वाटत होतं, हातात भरलेला लेख आहे, त्यात दोर नाही, आणि भिकू तोरसकर आत्ता तो हिसकावून सगळ्यांपुढे धरेल आणि देवासमोर खोटं वाचल्याबद्दल गाव त्याच्या तोंडात शेण घालेल. हे सगळं ठाऊक असून त्याने तो दोर वाचला होता.

मला हे कळायला जेवढा वेळ लागला, तेवढाच भिकूकाकांना लागला. मी त्यांच्याकडे बघत होतो. वैऱ्याची मान अशी हातात सापडायला माणसं नवस बोलतात. नुसतं 'हंय, जगू, मी हंय आसय' म्हटलं असतं, मी इकडे आहे एवढंच, तरी देवळातल्या शेवटच्या पोरालाही कळलं असतं.

काकांनी देवाला नमस्कार केला. मग देवाला घालावी तशी अर्धी प्रदक्षिणा घालून जगूतांडेलाच्या मागून ते समईजवळ गेले, त्या पुढे केलेल्या हातासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दी."

कागद त्यांच्या हातात आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. चष्मा पुसला. मग ज्या कागदावर काही नव्हतं त्यावर बोट ठेवून ते ओळीमागून ओळ वाचू लागले. ओळ संपली की बोट पुन्हा डावीकडे नेत होते.

"आमी दांडेवाडीवाले देवासमोर वचन देतो. जळलेले मांगर आमच्या हातान बांधून देऊ. खाडीवाडीच्या जाळ्याक आमचो पोर हात लावचो नाय."

एवढंच होतं. त्यांचं बोट कागदाच्या मध्यावर थांबलं. आता त्यांची पाळी होती. दांडेवाडीच्या तोंडी काहीही घालता आलं असतं आणि आमची माणसं तेच ऐकायला पुढे झुकली होती.

"आनि आमी दांडेवाडीवाले वचन देतो," भिकूकाका म्हणाले.  बोट कोऱ्या कागदावर पुढे सरकलं. "खाडीवाडीन दोर टाकलो, तर आमी तो धरू. पयलो टाकलेलो की नाय, पयलो धरलेलो की नाय, ता परत इचारूचव नाय. इति."

जगूतांडेलाने हात जोडलेले होते. ते तसेच वर गेले, कपाळापर्यंत, आणि तिथेच राहिले. बराच वेळ. आमच्या पंचांना वाटलं, हे दांडेवाडीने भिकूकाकांकडून रात्रीत मान्य करून घेतलं. दांडेवाडीच्या पंचांना वाटलं, भिकूने आपल्या तांडेलाला गाठलं. आपल्याला कळवलं नाही याचा राग दोन्हीकडे सारखाच आला, आणि सारखाच गिळला गेला. गुरवबुवांनी लेख घेऊन देवाच्या पायाशी पालथा घातला आणि वर फुलं वाहिली.

मी फौजदाराच्या खिशातलं साधं पेन मागून घेतलं आणि सभामंडपात बसून नक्कल लिहिली, जशी ऐकली तशी, दोन्ही दोरांसकट. सगळ्यांनी सह्या केल्या. दुपारी साहेब आले, त्यांनी ती वाचली, दोराशी दोनदा थांबले, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, देवाने ऐकलंय. साहेब शहाणे होते. शिक्का मारला.

पण ते दुपारी. त्याआधी नारळ समुद्राला द्यायचा होता. ढोल पुन्हा सुरू झाला, बायका पुढे गेल्या, पोरं त्यांच्यामागून पळाली. देऊळ रिकामं झालं. जगूतांडेल तिथेच उभा होता, सगळे जाऊ देत मग निघू, अशा बेताने. देवळाच्या पायऱ्या उंच आहेत, समुद्राकडच्या वाऱ्याने झिजलेल्या, एकीसारखी दुसरी नाही.

भिकूकाका निघाले होते. दारातून परत फिरले. जगूतांडेलाजवळ जाऊन उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत ज्याच्याकडे पाहून थुंकल्याशिवाय एक सण गेला नव्हता, त्याच्या कोपराखाली त्यांनी हात घातला. दोघं दारापर्यंत गेले. मी मागे होतो, नारळाची टोपली घेऊन.

"पायरी आसा," काका म्हणाले.

"दिसता माका," जगूतांडेल म्हणाला.

आणि काकांचा हात घट्ट धरून त्याने पाय खाली टाकला.